घाटमाथ्यावरच्या नळाचं पाणी: आधी उगम शोधा, मग तपासा, यंत्र शेवटी घ्या

पुण्या-मुंबईहून घाट चढून आलेल्या पाहुण्याची पहिली तक्रार ठरलेली असते. आंघोळ करताना साबण अंगावरून निघतच नाही, किती तांबे ओता, अंग आपलं बुळबुळीतच. महाबळेश्वर, कास, माथेरान, सगळीकडे हेच. तिथून उतरून वाईच्या बाजूला बोअरवेलवर चालणाऱ्या एखाद्या वाडीत जा, नेमकं उलटं गाऱ्हाणं ऐकू येतं: डाळ शिजत नाही, गिझरची कॉइल पांढऱ्या थराने माखते, केस राठ होतात.

गंमत अशी की दोन्हीकडच्या घरांना विकणारे एकच औषध विकतात, आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढून टाकणारं यंत्र. वरच्या घराला त्याची गरज नसते आणि खालच्या घरालाही बहुधा दुसरंच काही हवं असतं. घाटमाथ्यावर पाण्याचा खरा त्रास सहसा क्षारांचा नाही. तो पावसाळ्यातल्या गढूळपणाचा असतो, जंतूंचा असतो, आणि पाणी फारच मऊ असल्यामुळे नळ-पाइप खाल्ले जाण्याचा असतो. यंत्र सगळ्यात शेवटी यायला हवं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. उदाहरणं सह्याद्रीची आहेत, त्यातही महाबळेश्वर-पाचगणी-जावळी पट्ट्याची, पण जांभ्याचा सडा, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडाचं पठार, आणि त्याखाली काळा कातळ जिथे आहे तिथे हे सगळं लागू पडेल.

एकाच डोंगरात दोन प्रकारचं पाणी

पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे ते किंचित आम्ल मात्र असतं, पीएच साधारण ५.६. महाबळेश्वरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तो पडतो जांभ्यावर. हा जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन काढलेला दगड. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका केव्हाच वाहून गेली, मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. त्यामुळे जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्याला उचलायला काही मिळत नाही. जांभ्याच्या तळाशी चिकणमातीचा पट्टा लागला की ते आडवं वळतं आणि कड्याखाली झरा होऊन बाहेर पडतं. डोंगराच्या पोटात त्याचा मुक्काम थोडाच असतो. अशा झऱ्याचं पाणी मऊ, शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत सुफेन.

त्याखालचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर आहे. भेगांमधून वर्षानुवर्षं हळूहळू खाली जाणारं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ही खनिजं विरघळवतं आणि बायकार्बोनेटच्या रूपात बरोबर नेतं. खोल बोअरमधून वर येतं ते हे पाणी, जड.

डोंगराचं पाणी म्हणजे मऊच, असा ठोकताळा मात्र धरू नका. मसुरीचा डोंगर चुनखडी आणि डोलोमाइटचा आहे, तिथे झऱ्याचं पाणीही जड असतं. उंचीपेक्षा दगड महत्त्वाचा.

पायरी १: नळामागे काय आहे ते विचारा

नळ हा शेवट आहे, सुरुवात शोधायची. आपल्याकडे पाणी येण्याचे मार्ग मोजकेच. पहिला, कड्याखालचा झरा बांधून काढून उताराने आणलेली योजना, जिला बरेच जण सायफनचं पाणी म्हणतात. दुसरा, तलाव. वेण्णा तलाव १८४२ साली बांधला गेला आणि आजही महाबळेश्वर-पाचगणीची भिस्त त्याच्यावर आहे. कासचं पाणी उताराने साताऱ्याला जातं. माथेरानला शार्लोट तलाव आहे आणि शिवाय खालून नेरळहून पंपाने पाणी चढवलं जातं. तिसरा मार्ग विहीर किंवा बोअर. चौथा टँकर.

पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठा. त्याच्याइतकं नेमकं कोणीच सांगू शकत नाही. पावसाळ्यात झरा आणि फेब्रुवारीनंतर बोअर जोडला जातो का? टाकीत दोन्ही पाणी मिसळतं का? मे महिन्यात टँकर येतो तो कुठल्या विहिरीवर भरतो? बऱ्याच वाड्यांत एकाच नळाला वर्षभरात तीन वेगवेगळी पाणी येतात. जुलैत मऊ आणि गढूळ, डिसेंबरात मऊ आणि स्वच्छ, मे महिन्यात जड. एका महिन्यातल्या तपासणीवर वर्षभराचा निर्णय घेतला तर तो फसणार, हे उघड आहे.

जमलं तर एकदा उगमापर्यंत चालत जा. वरच्या बाजूला हॉटेलचा शोषखड्डा आहे का, गुरांचा गोठा आहे का, स्ट्रॉबेरीचं रान झऱ्याच्या डोक्यावर आहे का, झऱ्याच्या टाकीला झाकण आहे का, हे डोळ्यांनी पाहिलेलं प्रयोगशाळेच्या अहवालाइतकंच मोलाचं. झऱ्याच्या तोंडाशी नारिंगी गाळ आणि पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर काडीने टोचा. तवंगाचे काचेसारखे तुकडे झाले आणि ते परत जुळले नाहीत, तर ते लोहजीवाणूंचं काम, घाबरायचं कारण नाही. तुकडे लगेच परत एक झाले तर डिझेल-ऑइल मिसळतंय अशी शंका घ्या.

पायरी २: घरातल्या खुणा वाचा

किटलीच्या तळाला पांढरा, खडबडीत थर, नळाच्या जाळीवर खडीसारखे कण, चहावर पातळ तवंग, तूरडाळ तास तास न शिजणं: पाणी जड. कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या आणि पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं म्हणून दाणा मऊ पडत नाही. जुन्या डाळीचंही असंच होतं, तेव्हा दोष पाण्यालाच देण्याआधी तीच डाळ पावसाच्या किंवा बाटलीबंद पाण्यात शिजवून बघा.

साबण सुटत नाही, फेस पटकन होतो, तांब्या-पितळेच्या नळाखाली बेसिनवर हिरवट-निळा ओघळ दिसतो, जुन्या लोखंडी पाइपमधून सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं: पाणी मऊ आणि बहुधा किंचित आम्ल. साबण न सुटण्यावर उपाय एवढाच की साबण निम्मा घ्या. जड पाण्यात साबणाचा बराचसा भाग कॅल्शियमशी लढण्यात जातो. इथे ती लढाईच नाही, म्हणून सवयीचा साबण जास्त होतो.

पांढऱ्या कपड्यांवर पिवळट-तपकिरी डाग आणि काळसर पडणारा चहा ही लोहाची खूण. चहातलं टॅनिन लोहाशी मिळून शाईसारखा रंग देतं. पेरूची पानं चुरडून पाण्यात टाकली तरी तेच होतं, लोह असेल तर पाणी जांभळट-काळं पडतं.

पायरी ३: साबणाची बाटली

हा प्रयोग फुकट आहे आणि मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. साध्या साबणाचा चमचाभर कीस कपभर कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच डिस्टिल्ड पाणी चालेल. शाम्पू किंवा कपड्यांची पावडर घेऊ नका, त्यांचा फेस जड पाण्यातही होतो.

सारख्या आकाराच्या तीन बाटल्या घ्या. एकीत डिस्टिल्ड किंवा स्वच्छ जागी धरलेलं पावसाचं पाणी, दुसरीत नळाचं, तिसरीत तेच नळाचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळून, गार करून, कापडातून गाळलेलं. प्रत्येकीत पाव लिटर. ड्रॉपरने पाच-पाच थेंब साबणपाणी घालायचं, हलवायचं, आणि फेस मिनिटभर टिकेपर्यंत हे चालू ठेवायचं. थेंब मोजा.

नळाच्या पाण्याला पहिल्या बाटलीइतकेच थेंब लागले तर ते मऊ. चार-पाच पट लागले तर जड. आता तिसरी बाटली बघा. उकळल्यावर थेंब बरेच कमी झाले तर तुमचा जडपणा तात्पुरता, म्हणजे बायकार्बोनेटचा आहे. उकळल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं. किटलीतला पांढरा थर तो हाच. बेसाल्टमधल्या बोअरच्या पाण्यात मोठा वाटा बहुधा या तात्पुरत्या जडपणाचा असतो. उकळूनही फरक पडला नाही तर सल्फेट-क्लोराइडचा कायम जडपणा आहे.

पायरी ४: टीडीएस मीटर, आणि त्याचा जादूचा खेळ

टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो, घ्यायला हरकत नाही. पण तो मोजतो विजेची वाहकता आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. त्या क्षारांत कॅल्शियम किती, सोडियम किती, नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. जंतू तर अजिबातच कळत नाहीत. ४० टीडीएसचं झऱ्याचं पाणी शेणाने दूषित असू शकतं आणि मीटर तरी ४०च दाखवेल.

त्याचा खरा उपयोग बदल टिपायला. दर आठवड्याला एकाच नळाचा आकडा कॅलेंडरवर लिहा. ५० वरून एकदम ३२० झाला तर झऱ्याऐवजी बोअर जोडला गेला. धो-धो पावसात अचानक वाढला तर कुठेतरी सांडपाणी शिरतंय का ते बघा.

आता तो खेळ. विक्रेता दोन पेल्यांत पाणी घेतो, एकात तुमच्या नळाचं, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या सळ्या सोडून वीज लावतो. तुमचा पेला हिरवा-तपकिरी, घाणेरडा होतो, त्याचा स्वच्छ राहतो. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो गाळ पाण्यातला नसतो, सळीचं लोखंड विरघळून तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे वीज वाहत नाही, म्हणून तिथे काही घडत नाही. त्याच्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तोही पेला तसाच होईल.

पायरी ५: खरी तपासणी

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी क्षेत्रीय तपासणी संच, म्हणजे एफटीके, दिले गेले आणि प्रत्येक गावात ५ महिलांना तो वापरण्याचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. तुमच्या ग्रामपंचायतीत तो संच कपाटात आहे का वापरात आहे, हे आधी विचारा. त्यात पीएच, गढूळपणा, जडपणा, क्लोराइड, लोह, नायट्रेट, फ्लोराइड, उरलेला क्लोरीन अशा गोष्टी साधारण कळतात. जडपणाच्या चाचणीत पाण्यात दर्शक घातल्यावर लालसर-जांभळा रंग येतो, मग थेंब थेंब द्रावण घालत तो निळा होईपर्यंत मोजायचं. एका थेंबाचे किती मिलिग्रॅम हे संचावर छापलेलं असतं.

जंतूंसाठी छोट्या बाटलीतली एचटूएस चाचणी असते. खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं, २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर विष्ठेतून आलेलं प्रदूषण असण्याची दाट शक्यता. घाटमाथ्यावर एक अडचण येते. थंडीत खोलीचं तापमान १५ अंशांच्या आसपास असलं तर जंतू वाढायला वेळ घेतात आणि बाटली खोटी स्वच्छ दिसते. ती उबेला ठेवा, चुलीजवळ किंवा गोधडीत, ३० ते ३७ अंशांच्या मधे कुठेतरी, आणि पूर्ण ४८ तास थांबा.

पक्क्या आकड्यांसाठी प्रयोगशाळा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याला आणि उपविभागांत आहेत, त्या शुल्क घेऊन सामान्य माणसाचाही नमुना तपासतात. नमुना कसा घेतला यावर अहवालाचं सगळं अवलंबून असतं, म्हणून इथे घाई नको.

रासायनिक तपासणीसाठी २ लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि तोंडापर्यंत भरा, आत हवा नको. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणा. ती विसळायची नाही, कारण आत क्लोरीन मारण्यासाठी थोडं रसायन घातलेलं असतं. नळाची जाळी-रबर काढा, तोंड स्पिरिटने पुसा किंवा धातूचा नळ असेल तर ज्योतीने तापवा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग बाटली भरा. वर थोडी जागा सोडा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागता कामा नये. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा. २४ तासांनंतरच्या नमुन्याला अर्थ नाही. डोंगरातून एसटीने जिल्ह्याला जायचं तर सकाळची पहिली गाडी धरा, आणि शनिवारी नमुना घेऊ नका.

नमुने दोन घ्या. एक थेट लाइनच्या नळाचा, दुसरा गच्चीतल्या टाकीतून येणाऱ्या नळाचा. पहिला स्वच्छ आणि दुसरा दूषित निघाला तर गुन्हेगार तुमची टाकी आहे, आणि हे सर्रास घडतं. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, मे महिन्यात, पाणी सर्वांत घट्ट असतं तेव्हा. जंतूंची वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर. होमस्टे चालवत असाल तर भर जुलैत आणखी एकदा.

पायरी ६: अहवाल वाचायचा कसा

भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये दोन आकडे असतात, एक स्वीकारार्ह मर्यादा आणि दुसरी दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा. सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये.

- एकूण जडपणा: २०० आणि ६००
- टीडीएस: ५०० आणि २०००
- कॅल्शियम: ७५ आणि २००
- मॅग्नेशियम: ३० आणि १००
- पीएच: ६.५ ते ८.५, सवलत नाही
- गढूळपणा: १ आणि ५ एनटीयू (गढूळपणाचं एकक)
- नायट्रेट: ४५, सवलत नाही
- फ्लोराइड: १ आणि १.५
- ई-कोलाय: १०० मिलिलिटरमध्ये एकही नको

जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात दिलेला असतो. ६० च्या आत असेल तर पाणी मऊ, १८० च्या वर गेलं की बरंच जड. अहवालात फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दिलं असेल तर कॅल्शियमला २.५ ने आणि मॅग्नेशियमला ४.१ ने गुणून बेरीज करा. ४८ कॅल्शियम आणि २२ मॅग्नेशियम असेल तर १२० अधिक ९०, म्हणजे जडपणा २१०. शेजारी अल्कतेचा आकडा बघा. अल्कता म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, ती मुख्यतः बायकार्बोनेटची असते. अल्कता जडपणाइतकी किंवा जास्त असेल तर सगळा जडपणा तात्पुरता, उकळून जाणारा. जडपणा २१० आणि अल्कता १५० असेल तर ६० कायमचा.

प्रकृतीचं विचाराल तर जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. जड पाण्याने मुतखडा होतो हे गावोगाव ऐकू येतं, पण त्याला भक्कम पुरावा नाही. डोंगरात चढ-उतार करून घाम गाळणारा माणूस कमी पाणी पितो, ते कारण जास्त खरं. जड पाणी गिझरचं आणि कपड्यांचं नुकसान करतं. अहवालात आधी बघायचे आकडे ई-कोलाय आणि नायट्रेटचे.

पायरी ७: दोषानुसार उपाय

*पावसाळी गढूळ पाणी.* इथे सगळ्यात जास्त चुका होतात. तुरटी फिरवायची ही जुनी रीत बरोबर आहे, पण तुरटीला काम करायला पाण्यात अल्कता लागते. १ मिलिग्रॅम तुरटी जवळपास अर्धा मिलिग्रॅम अल्कता खाते. जांभ्यातल्या मऊ पाण्यात ती मुळातच तुटपुंजी. मग गाळाच्या गुठळ्या नीट बांधत नाहीत, पाणी आंबूस होतं आणि लोक आणखी तुरटी घालतात. जलशुद्धीकरण केंद्रात यासाठी तुरटीबरोबर चुना देतात. घरी एवढी मोजमापं करत बसू नका. पाणी रात्रभर निवळू द्या, वरचं अलगद ओतून घ्या, चारपदरी सुती कापडातून गाळा आणि उकळा.

उकळण्याबद्दल एक शंका नेहमी येते. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. महाबळेश्वरात ते ९५-९६ अंशांना उकळतं. जंतू मरायला तेवढं पुरतं. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट बास, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. महाराष्ट्रातलं सर्वोच्च कळसूबाई १६४६ मीटर, त्यामुळे तीन मिनिटांची वेळ आपल्यावर येत नाही. गॅस वाचवा.

टाकीत क्लोरीन घालायचं असेल तर आधी गढूळपणा घालवा, मातीच्या कणाआड जंतू लपून राहतात. ३३ टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर हजार लिटरला ३ ग्रॅम घातली की लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. बादलीत पेस्ट करून पाणी घाला, चुना खाली बसू द्या आणि फक्त वरचं निवळ पाणी टाकीत ओता. अर्ध्या तासाने नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. पावडरची पिशवी मात्र तपासा. घाटमाथ्याच्या दमट हवेत उघडी पिशवी काही आठवड्यांत मरते. वास मंद झाला, गोळे झाले, तर तिच्यात चुन्याशिवाय फारसं काही उरलेलं नाही.

*मऊ, आम्ल पाणी.* पीएच ६.५ च्या खाली असेल तर सकाळचं पहिलं मिनिटभराचं पाणी पिऊ नका, झाडांना घाला. रात्रभर पाइपात राहिलेल्या पाण्यात तांबं, जस्त, आणि जुन्या पितळी जोडणीतलं शिसंही उतरतं. नवीन लाइन टाकताना लोखंडी पाइपऐवजी पिण्याच्या पाण्यासाठीचे सीपीव्हीसी किंवा एचडीपीई पाइप वापरा. तांब्याच्या हंड्यात पाणी ठेवायची सवय असेल तर आम्ल पाणी तांबं जास्त विरघळवतं हे लक्षात ठेवा. मानकात तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा ०.०५ आणि सवलतीची १.५ मिलिग्रॅम आहे. पाण्याला धातूची चव लागली तर हंडा बंद. पूर्ण घरासाठी चुनखडीच्या खड्यांचा फिल्टर मिळतो. त्यातून जाताना पाणी थोडं कॅल्शियम उचलतं आणि पीएच वर येतो. खडे झिजतात, वर्षातून एकदा भर घालावी लागते. ‘अल्कलाइन’ नावाने हजारो रुपयांना विकली जाणारी यंत्रं यासाठी नकोत.

आणि या पाण्याला आरओ तर नकोच. ५० टीडीएसमधून आणखी क्षार काढून पाणी अजूनच भुकेलं करायचं आणि लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडायचं, तेही मे महिन्यात टँकर येणाऱ्या गावात. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओवर बंदी आणावी, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं. जंतूंचीच भीती असेल तर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र घ्या. पाणी गढूळ असलं तर ते निकामी, आणि पावसाळ्यात वीज आपल्याकडे कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून विजेशिवाय चालणारा यूएफ, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याचा फिल्टर आणि त्यानंतर उकळणं, ही जोडी घाटमाथ्यावर मला सगळ्यात भरवशाची वाटते.

*जड पाणी.* जडपणा २००-३०० आणि बराचसा तात्पुरता असेल तर पिण्यासाठी उकळून गाळणं पुरे. गिझरचं तापमान ५५-६० अंशांवर ठेवा, जितकं गरम तितका थर जास्त. किटलीला लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून तापवा आणि अर्धा तास ठेवा, थर सुटतो. त्यात कधीही ब्लिचिंग पावडर किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

पूर्ण घराला सॉफ्टनर बसवायचा विचार जडपणा ३०० च्या वर असेल तरच करा. मिठाने ताजा होणारा रेझिनचा सॉफ्टनर कॅल्शियम घेऊन सोडियम देतो. १०० जडपणा काढला की पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. रक्तदाबाचे रुग्ण असतील तर स्वयंपाकघराचा नळ त्यातून वगळा. शिवाय दर धुण्याला बाहेर पडणारं खारं पाणी कुठे जाणार ते आधी ठरवा. डोंगरउतारावर तुमच्या मोरीखाली कोणाचा तरी झरा असतो. पाइपावर चुंबक बांधायच्या उपकरणांवर मी तरी पैसे घालणार नाही.

*लोह.* ०.३ मिलिग्रॅमच्या वर डाग आणि चव जाणवायला लागते. पाणी उंचावरून शॉवरसारखं टाकीत पाडा, हवा लागली की लोहाचा तांबूस गाळ बनतो, मग वाळूच्या फिल्टरमधून गाळा. पीएच कमी असेल तर ही क्रिया मंदावते, तेव्हा चुनखडीचा फिल्टर आधी आणि वाळू नंतर.

*नायट्रेट.* शेतातल्या खतांमुळे आणि शोषखड्ड्यांमुळे वाढतं. ४५ च्या वर असेल तर ते पाणी उकळू नका. पाणी आटतं आणि नायट्रेट आणखी घट्ट होतं. वर्षाच्या आतल्या बाळाचं दूध त्यात अजिबात कालवू नका, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. आरओ खरोखर उपयोगी पडणारी ही जागा. त्याहून स्वस्त पडतं पिण्यापुरतं दुसऱ्या उगमाचं पाणी भरणं.

पायरी ८: टाकी, आणि मग ग्रामपंचायत

टाकी वर्षातून दोनदा रिकामी करून घासा, मेअखेर आणि दिवाळीच्या आसपास. झाकण घट्ट, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी. माकडं झाकण उचलतात हे घाटमाथ्यावर कोणाला वेगळं सांगायला नको, साखळी लावा.

अहवालात ई-कोलाय निघाला तर घरच्या फिल्टरवर प्रश्न सुटत नाही, शेजारीही तेच पाणी पितात. अहवालाची प्रत जोडून ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि विषय ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत किंवा ग्रामसभेत मांडायला सांगा. गावाला जलसुरक्षक असतो, नमुने घेणं आणि क्लोरीन बघणं हे त्याचं काम. स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड आणि साथ नाही, तर चंदेरी. तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे ते विचारा. टीसीएल पावडरची, म्हणजे ब्लिचिंग पावडरची, शेवटची खरेदी कधी झाली, तिच्यात क्लोरीन किती टक्के उरला आहे, शेवटच्या घराच्या नळाला ओटी चाचणीत, म्हणजे उरलेला क्लोरीन दाखवणाऱ्या चाचणीत, पिवळा रंग येतो का, आणि त्या सगळ्याची नोंद असलेली वही कुठे आहे, हेही विचारा. चाचणी टाकीपाशी नाही, ओळीतल्या शेवटच्या घरातच करायला लावा. क्लोरीन संपतो तो तिथेच.